एडिंबराहून एका दिवसात लॉख, किल्ले आणि गावं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी एडिंबरात राहते. मे महिना लागला की पुण्याहून, नाशिकहून, कधी लंडनहून किंवा दुबईहून कुणी ना कुणी आमच्याकडे येतं. बहुतेकांच्या हातात स्कॉटलंडसाठी दोन-तीनच दिवस असतात आणि त्यातला एक शहराबाहेर काढायचा असतो. मग गाइडबरोबरच्या बसने पश्चिमेकडची सरोवरं आणि किल्ले बघून यायचं ठरतं. आई-बाबांबरोबर, सासूबाईंबरोबर, भाचरांबरोबर ही फेरी मी वेगवेगळ्या ऋतूंत केली आहे. निघायच्या आदल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्न दर वेळी तेच असतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

ही फेरी नेमकी कुठून कुठे जाते?

सकाळी आठ-साडेआठला एडिंबराच्या मध्यवस्तीतून बस सुटते. फॉल्कर्कजवळ हमरस्त्यालगत घोड्यांची दोन प्रचंड पोलादी डोकी दिसतात, त्या केल्पीज. अँडी स्कॉट या शिल्पकाराचं हे काम ३० मीटर उंच आहे. पुढे लॉख लोमंडच्या काठचं लस गाव, टार्बेट, ऑरोखर, मग 'रेस्ट अँड बी थँकफुल' नावाचा घाट, आणि घाट उतरून लॉख फाइनच्या काठावरचं इन्व्हररेरी. जेवण बहुधा इथेच होतं. दुपारी लॉख ऑच्या टोकाचा किल्हर्न किल्ला, परतीच्या वाटेवर टाइंड्रम, कॅलंडर आणि डूनचा किल्ला. संध्याकाळी साडेसहा-सातपर्यंत परत एडिंबरा. सगळं मिळून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास होतं.

कंपनीप्रमाणे एखादा थांबा बदलतो. कुणी डूनऐवजी स्टर्लिंगला थांबतं, कुणी ओबान बंदरापर्यंत जातं. पैसे भरण्याआधी थांब्यांची यादी वाचा आणि कुठे उतरवणार, कुठे नुसतं खिडकीतून दाखवणार, हे नीट बघून घ्या. स्टर्लिंगचा किल्ला कित्येक सहलींच्या यादीत असतो, पण त्यांतल्या बऱ्याच बस तिथे थांबत नाहीत.

लॉख म्हणजे तळं ना? आणि उच्चार काय करायचा?

तळंही आणि खाडीही. स्कॉटलंडमध्ये दोन्हीला लॉखच म्हणतात. लॉख लोमंड आणि लॉख ऑ गोड्या पाण्याची सरोवरं आहेत. लॉख फाइन आणि लॉख लाँग ही समुद्राची, आपल्या दाभोळ-जयगडच्या खाडीसारखी डोंगरात आत शिरलेली पाणी आहेत. इन्व्हररेरीला ओहोटीच्या वेळी बसमधून उतरलात तर उघड्या पडलेल्या दगडांवरच्या शेवाळाचा वास थेट नाकात येतो. कोकणात वाढलेल्या माणसाला खाडी ओळखायला पाटी लागत नाही. लॉख फाइन सुमारे ६५ किलोमीटर लांब आहे, स्कॉटलंडमधलं सगळ्यात लांब समुद्री लॉख. लॉख लाँगच्या नावातलं 'लाँग' मात्र लांबीचं नाही. तो गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतला जहाजाचा शब्द आहे.

उच्चाराचं म्हणाल तर इंग्लंडमधली माणसं सर्रास 'लॉक' म्हणतात. आपल्याला ते करायची गरज नाही, 'ख' आपल्या जिभेवर आहेच. तो फक्त घशात जरा घासत काढायचा. स्थानिक माणसं याने मनापासून खूश होतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. बाकीची नावं अशी: एडिंबरा, लस, इन्व्हररेरी, डून. किल्हर्नच्या स्पेलिंगमधल्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका, किल्हर्नच म्हणा. 'इन्व्हर' म्हणजे नदीचं मुख, 'ग्लेन' म्हणजे दरी, 'बेन' म्हणजे डोंगर. एवढे तीन शब्द माहीत असले की नकाशा बराचसा वाचता येतो.

लॉख लोमंडला बघण्यासारखं काय आहे? नुसतं पाणीच ना?

हा प्रश्न माझ्या बाबांनी विचारला होता, आणि नंतर तेच लसच्या धक्क्यावरून उठायला तयार नव्हते.

पृष्ठभागाच्या मापाने हे ग्रेट ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं सरोवर आहे: सुमारे ७१ चौरस किलोमीटर, लांबी ३६ किलोमीटर. पण खरी मजा त्याच्या आकारात आहे. दक्षिणेला ते पसरट आणि उथळ आहे, बेटांनी भरलेलं. उत्तरेला एकदम चिंचोळं आणि खोल होतं, जवळपास १९० मीटरपर्यंत. कारण या सरोवरातूनच एक मोठा भूभ्रंश, म्हणजे जमिनीच्या कवचातली भेग, तिरका जातो, हायलंड बाउंड्री फॉल्ट. काही बेटं त्याच्याच रेषेवर ओळीने उभी आहेत. भ्रंशाच्या दक्षिणेचा खडक मऊ, तिथे हिमनदीला पसरायला जागा मिळाली. उत्तरेचा खडक कठीण, तिथे ती दरीत कोंडली गेली आणि खाली खाली कोरत गेली. खिडकीतून बघत राहिलात तर शेतं आणि कुरणं संपून डोंगर कधी सुरू झाले, ते लसच्या आसपास स्पष्ट कळतं. दक्षिणेचे सखल लोलँड्स आणि उत्तरेचे डोंगराळ हायलंड्स हा फरक माणसांनी ठरवण्याआधी दगडांनी ठरवला होता.

समोरच्या काठावर ९७४ मीटर उंचीचा बेन लोमंड उभा असतो, ढग असले तर अर्धाच. आजूबाजूचा सगळा प्रदेश २००२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, स्कॉटलंडमधलं पहिलं.

लस हे गाव एका गल्लीत मावतं. एकोणिसाव्या शतकात पाटीच्या दगडाच्या खाणींवर काम करणाऱ्यांसाठी बांधलेली ही बैठी दगडी घरं आहेत, आणि त्यांच्या छपरांवरही पाटीचाच दगड आहे. जूनमध्ये दारांवर गुलाब चढलेले असतात. ही घरं राहती आहेत, त्यांत लोक सकाळचा चहा पीत असतात. खिडकीला नाक लावून फोटो काढू नका, बागेच्या फाटकाच्या आत पाऊल टाकू नका. आपल्या दारात रोज बसभर माणसं उतरली तर आपल्याला कसं वाटेल, एवढा विचार पुरे.

गल्ली उतरून गेलं की धक्का आणि बारीक गोट्यांचा किनारा. माझं ऐकाल तर लसला दुकानात जाऊ नका. मिळालेल्या पाऊण तासातली निदान वीस मिनिटं पाण्याशी बसा. लाटा अगदी लहान असतात. मागे सरकताना त्या गोट्या एकमेकींवर घासतात, त्याचा एक किणकिणता आवाज येतो. बसजवळ राहिलेल्यांना तो ऐकू येत नाही.

पुढे टार्बेटला बस वळते तेव्हा गाइड एक गोष्ट सांगतो, ती झोपेत घालवू नका. १२६३ साली नॉर्वेच्या राजाच्या आरमारातल्या लोकांनी लॉख लाँगमधून आपल्या बोटी बाहेर काढल्या, जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून ओढत इथे आणल्या आणि लॉख लोमंडमध्ये सोडून काठची गावं लुटली. टार्बेट या शब्दाचा अर्थच दोन पाण्यांमधली चिंचोळी जमीन. बसला तो पट्टा ओलांडायला काही मिनिटं लागतात.

आणि एक आपल्या घरचा धागा. लॉख लोमंडच्या दक्षिण टोकापासून जवळच डंबार्टन आहे. पुण्याच्या दरबारातले इंग्रजांचे रेसिडेंट आणि पेशवाई बुडाल्यावर मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १७७९ साली तिथे जन्मले. ज्यांचं नाव मुंबईत कॉलेजवर कित्येक वर्षं वाचलं, त्यांचं जन्मगाव इतक्या जवळ आहे हे कळल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते.

त्याच दिवसात लॉख नेसपण उरकता येईल का?

नाही. ती वेगळी सहल आहे: सकाळी आठला निघून रात्री आठला परत, आणि त्यातला बहुतेक वेळ बसमध्ये. लॉख नेस भव्य आहे, इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या तळ्यांचं मिळून जेवढं पाणी होईल त्याहून जास्त त्या एका लॉखमध्ये आहे. पण लोक जातात ते त्यात राहतो म्हणतात त्या राक्षसासाठी. १९३४ चा तो लांब मानेचा प्रसिद्ध फोटो बनावट होता हे पुढे उघड झालं. पाणी पीटमुळे, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या मातीमुळे, इतकं काळसर असतं की खोलवरचं काही दिसत नाही. मुलं हट्ट धरून बसली असतील तर एक दिवस खास तिकडचा ठेवा. दोन्ही एका दिवसात कोंबणारी सहल कुणी दाखवली तर घेऊ नका.

घाट कसा आहे? गाडी लागते का?

उंचीने घाट फार नाही, २४६ मीटरवर खिंड आहे. पण ग्लेन क्रो ही दरी खडी आहे आणि चढ लांबलचक. जुना लष्करी रस्ता दरीच्या तळातून जातो, तो वरच्या रस्त्यावरून पट्टीसारखा दिसतो. तो बांधून झाल्यावर १७४८ साली सैनिकांनी खिंडीत एक दगड उभारला आणि त्यावर कोरलं: विसावा घे आणि आभार मान. तेच घाटाचं नाव झालं.

आपल्या वरंधा घाटासारखीच याचीही दुखरी बाजू म्हणजे दरडी. जोराचा पाऊस झाला की डोंगराची माती सुटते. उतारावर जाळ्या आहेत, दरड अडवायला मोठे खड्डे खणले आहेत, तरी अधूनमधून वरचा रस्ता बंद होतो आणि वाहतूक जुन्या रस्त्यावरून आळीपाळीने सोडतात. अशा वेळी अर्धा-पाऊण तास जातो, किंवा गाइड मार्ग बदलतो. त्यावर चालकाशी वाद घालू नका, त्याचा निर्णय बरोबरच असतो.

गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, घाट आल्यावर नव्हे. पुढची जागा हवी असेल तर बस सुटण्याच्या पंधरा मिनिटं आधी हजर राहा.

इन्व्हररेरीत किल्ला बघायचा की गाव?

वेळ साधारण सव्वा ते दीड तास, त्यात जेवण. दोन्ही धड होत नाही, एक निवडा.

इथला किल्ला म्हणजे कॅम्बेल घराण्याचा प्रमुख, आर्गाइलचा ड्यूक, याचा राजवाडा. आजची इमारत १७४० च्या दशकात बांधायला घेतली. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज आहेत, त्यांवरच्या टोकदार टोप्या १८७७ च्या आगीनंतर चढवल्या. आत शस्त्रांचं दालन आहे, त्याचं छत २१ मीटर उंच, आणि भिंतींवर बंदुका, भाले, तलवारी रांगोळीसारख्या वर्तुळांत मांडलेल्या. कुटुंब अजून तिथेच राहतं. हिवाळ्यात किल्ला बंद असतो आणि उन्हाळ्यातही आठवड्यातले काही वार बंद ठेवतात, त्यामुळे आपली तारीख आधी तपासा. तिकीट बहुधा सहलीच्या पैशांत नसतं.

मी स्वतः गाव निवडते. ड्यूकला नवा वाडा बांधायचा होता आणि जुनं गाव त्याच्या आड येत होतं, म्हणून अख्खं गाव उचलून पाण्याकाठी नव्याने वसवलं. पांढऱ्या भिंती, काळ्या चौकटी, सगळं एका हाताने आखलेलं. मुख्य रस्त्याच्या मधोमध चर्च उभं आहे. ते आत भिंत घालून दोन भागांत बांधलेलं होतं: एका बाजूला गेलिकमध्ये प्रार्थना, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत. एकाच गावात, एकाच देवापुढे, दोन भाषांची दोन दारं. आज या भागात रस्त्यांच्या पाट्यांवर गेलिक नाव वर लिहिलेलं दिसेल, पण ती भाषा रोज बोलणारी माणसं फार थोडी उरली आहेत. मला तिथे प्रत्येक वेळी थोडं थांबावंसं वाटतं.

किल्ले आपल्या गडांसारखे असतात का?

राजगड-तोरणा मनात ठेवून गेलात तर पहिल्या नजरेला किरकोळ वाटतील. आपला गड म्हणजे डोंगरच. तटबंदी, माच्या, पाण्याची टाकी, अंबरखाना, वर्षभर तग धरणारी शिबंदी. इथले बहुतेक किल्ले म्हणजे एका सरदाराचं बंदोबस्ताचं घर, आपल्या गढीच्या जवळचं. डोंगरी किल्ल्याचा भास हवा असेल तर स्टर्लिंगला जा. तो ताठ कड्यावर आहे आणि खालच्या मैदानावर त्याचा पूर्ण वचक होता, म्हणून तर १२९७ आणि १३१४ च्या मोठ्या लढाया त्याच्या आसपासच झाल्या.

या फेरीतला माझा लाडका किल्ला किल्हर्न. १४५० च्या सुमारास ग्लेनॉर्कीच्या कॉलिन कॅम्बेलने तो लॉख ऑमधल्या छोट्याशा बेटावर बांधला. १६९० च्या दशकात त्याच्या वंशजाने आत सैनिकांच्या बराकी काढल्या. १७६० साली वीज पडली आणि किल्ला सुटला, मग कुणी परत राहायला आलं नाही. १८१७ मध्ये सरोवराची पातळी उतरवली तेव्हा बेट जमिनीला जोडलं गेलं. अंगणात बुरुजावरची एक कोपऱ्याची मनोरी उलटी पडलेली आहे, टोपी उलटी ठेवावी तशी. तिच्या दगडांचे थर अजून एकमेकांना धरून आहेत. अडीचशेहून अधिक वर्षं ती तिथेच आहे, कुणी उचलली नाही, आणि तेच मला आवडतं.

बहुतेक बस पाण्यापलीकडच्या काठावर फोटोसाठी थांबतात, कारण आत जायला रेल्वेच्या पुलाखालून ओल्या कुरणातून चालत जावं लागतं आणि सरोवर भरलं की ती वाट पाण्याखाली जाते. पलीकडून दिसणारं दृश्यही कमी नाही. वारा पडलेला असेल तर पाण्यात किल्ल्याची पूर्ण प्रतिमा दिसते. त्या बाजूच्या १,१२६ मीटर उंच बेन क्रुआखानच्या पोटात १९६५ पासून वीजगृह चालतं. मागणी कमी असते तेव्हा लॉख ऑचं पाणी डोंगरावरच्या धरणात चढवायचं आणि हवी तेव्हा खाली सोडून वीज करायची. कोयनेचं पोफळीचं भूमिगत वीजगृह माहीत असलेल्या बाबांना गाइडने हे सांगितलं, आणि पुढचा अर्धा तास दोघांच्या गप्पा संपेनात.

डूनचा किल्ला मात्र आतून बघायचाच. चौदाव्या शतकाच्या शेवटी अल्बनीचा ड्यूक रॉबर्ट स्ट्यूअर्ट याने तो उभा केला. राजा नावाला होता, राज्याचा कारभार याच्या हाती. थोरल्या दालनापेक्षाही मला त्याचं स्वयंपाकघर बघण्यासारखं वाटतं. चुलीची कमान साडेपाच मीटर रुंद आहे, तिच्या आत आपण आठ-दहा जणी उभ्या राहू शकतो. शेजारच्या भिंतीत वाढप्यांसाठी झरोके आहेत. सासूबाईंनी त्यांतल्या एकावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, आपल्या वाड्यातली पंगत अशीच निघायची."

कोणता महिना चांगला? कपडे काय घ्यायचे?

मे. दिवस मोठा, पश्चिमेकडे वर्षातला त्यातल्या त्यात कोरडा काळ आणि चिलटं अजून फारशी आलेली नसतात. जूनच्या अखेरीस एडिंबरात सूर्य रात्री दहाला मावळतो. डिसेंबरात पावणेचारलाच अंधार पडतो, त्यामुळे हिवाळ्यात परतीचा अर्धा रस्ता काळोखातून जातो. ऑगस्टमध्ये डोंगर हेदरच्या फुलांनी जांभळे होतात, ऑक्टोबरमध्ये पानं तांबूस.

पावसाला घाबरून तारीख बदलू नका. इन्व्हररेरीभोवतीच्या आर्गाइल भागातल्या डोंगरांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे मुंबईएवढाच. मुंबईत तो चार महिन्यांत कोसळतो, इथे बारा महिने थोडा थोडा येतो. एका तासात ऊन, सर आणि पुन्हा ऊन होतं. छत्री वाऱ्याने उलटते, त्यापेक्षा टोपीचं जलरोधक जाकीट घ्या. आत स्वेटर, पायात न घसरणारे बूट. साडी नेसणाऱ्यांनी त्या दिवसापुरती सलवार किंवा पँट घालावी, ओल्या गवतात आणि गोल जिन्यांत फार सोपं जातं. जुलैतही कमाल तापमान वीसच्या आसपासच असतं.

चिलटांबद्दल दोन शब्द. मेच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत, पाण्याकाठी, वारा पडला की येतात. इथे त्यांना मिज म्हणतात. डासापेक्षा लहान, पण झुंडीने चावतात. वाऱ्याची झुळूक असली की उडत नाहीत. स्मिज नावाचा फवारा इथल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतो, तो हातांना आणि मानेला लावा.

शाकाहारी माणसाने जेवायचं काय?

उपाशी राहणार नाही, पण विचारून खायचं. आईला मी एका गावातल्या कॅफेत मसुराचं सूप मागवून दिलं. पाटीवर 'लेंटिल सूप' एवढंच होतं. दोन चमचे पोटात गेल्यावर तिने विचारलं, "याला वेगळाच वास का गं?" चौकशी केली तर ते डुकराच्या मांसाच्या पाण्यात शिजवलेलं निघालं. इथली ती जुनी घरगुती पद्धतच आहे, त्यांनी लपवलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं. आई काही बोलली नाही, पण दिवसभर तिने दुसरं काही खाल्लं नाही, आणि ते मला आजही लागतं. म्हणून मसुराचं सूप असो की बटाट्याचं, "हे व्हेजिटेबल स्टॉकमध्ये आहे का?" हा प्रश्न विचाराच. स्कॉच ब्रॉथमध्ये मटण असतं, कलन स्किंक हे धुरवलेल्या माशाचं सूप. तळलेले बटाटे कुठल्या चरबीत तळले तेही विचारा, काही ठिकाणी गायीची चरबी वापरतात.

नि:शंक खाण्यासारखं म्हणजे चीज स्कोन, भाजलेला सालीसकट बटाटा आणि त्यावर बीन्स किंवा चीज, आणि शाकाहारी हॅगिस. मूळ हॅगिस मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचं असतं, पण डाळी, ओट आणि भाज्यांचं शाकाहारी हॅगिस सगळीकडे मिळतं आणि त्यातली मिरपूड आपल्या जिभेला बरी वाटते. जैन किंवा उपवासाचं काही हवं असेल तर डबा बरोबर घ्या. ठेपले, दशम्या, गुळपोळी. बसमध्ये गरम आणि वासाचं खाणं चालत नाही, पण थांब्यावरच्या बाकावर बसून डबा खायला कुणाची हरकत नसते. नळाचं पाणी पिण्याचं असतं, बाटली भरून घ्या.

गोडात 'टॅब्लेट' घ्याच. साखर, लोणी आणि आटवलेलं दूध यांची वडी. दाताखाली आधी भुरभुरते आणि मग विरघळते, थेट आपल्या खव्याच्या बर्फीची बहीण. पुण्याला न्यायलाही हीच सगळ्यात सोयीची भेट, टिकते आणि मोडत नाही.

वयस्कर मंडळींना झेपेल का?

झेपतं, फक्त कुठे नको म्हणायचं ते आधी ठरवा. लस आणि इन्व्हररेरी बऱ्यापैकी सपाट आहेत. डूनचे जिने गोल, अरुंद आणि दगडी आहेत, पायऱ्या उंचीला सारख्या नाहीत. गुडघे दुखत असतील तर अंगण बघून बाहेर बसा. दीड-दोन तासांनी स्वच्छतागृहाचा थांबा असतो. काही ठिकाणी पैसे पडतात, कार्ड जवळ ठेवा. मधुमेह असणाऱ्यांनी खाण्याच्या वेळा बसवर सोपवू नयेत, पिशवीत काहीतरी असू द्यावं.

लहान मुलांना घेतात का?

छोट्या बसच्या बऱ्याच कंपन्या पाच वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. बुकिंग करतानाच वय सांगा आणि उंचीप्रमाणे बूस्टर सीट मागा. सीटबेल्ट सगळ्यांना सक्तीचा आहे.

मोठी बस की छोटी?

छोटी, सोळा जणांची. पैसे थोडे जास्त पडतात. मोठ्या बसमधून मी एकदा गेले होते: पन्नास माणसं चढ-उतर करण्यातच थांब्याचा निम्मा वेळ गेला आणि किल्हर्नला आम्हाला जेमतेम दहा मिनिटं मिळाली. छोट्या बसचा चालकच गाइड असतो, त्याला प्रश्न विचारता येतात. त्याचा उच्चार पहिली वीस मिनिटं अवघड जातो, मग कान बसतो. टिप सक्तीची नाही, दिवस आवडला तर उतरताना हातात द्यावी.

त्यापेक्षा स्वतःच गाडी भाड्याने घेतली तर?

इथेही डाव्या बाजूनेच चालवतात आणि पाहुण्यांना भारतीय परवान्यावर वर्षभर गाडी चालवता येते, त्यामुळे जमतं. पण चालवणाऱ्याला सरोवर दिसत नाही, रस्ताच दिसतो. लसला उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. दोन दिवस हातात असतील आणि वाटेत मुक्काम करणार असाल तरच गाडी घ्या.

व्हिसा आणि पैशांचं काय?

स्कॉटलंडसाठी वेगळा व्हिसा नाही, युनायटेड किंगडमचा पर्यटक व्हिसा चालतो. शेंगेनवर येता येत नाही, हे युरोपची सहल जोडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. नोटा मात्र वेगळ्या दिसतील. इथल्या तीन बँका स्वतःच्या पौंडाच्या नोटा काढतात. किंमत तीच, पण लंडनमधले काही दुकानदार त्या घ्यायला कुरकुरतात. त्यामुळे सुट्टे म्हणून मिळालेल्या नोटा इथेच खर्चून टाका.

त्या केसाळ गाई दिसतील का?

कॅलंडरच्या आसपास बहुधा दिसतात. कपाळावरच्या केसांनी डोळे झाकलेले, शिंगं लांब, रंग तांबूस. स्वभावाने शांत असतात, पण वासरू बरोबर असेल तर कुंपणाच्या बाहेरच थांबा आणि पोळी-ब्रेड काही भरवू नका.

पाण्यात उतरलं तर चालेल का?

पाय बुडवा, त्यापुढे नको. या सरोवरांचा काठ काही पावलं उथळ असतो आणि मग एकदम तुटतो. पाणी जुलैतही इतकं गार असतं की पोहता येणाऱ्याचाही श्वास अडकतो. २०२१ च्या जुलैमध्ये लॉख लोमंडमध्ये माणसं बुडाली, त्यात मुलंही होती. काठावर मुलांचा हात सोडू नका.

परत आल्यावर त्याच रात्री लंडनची गाडी पकडता येईल का?

संध्याकाळची गाडी धरू नका. दरड, पाऊस, शहराच्या तोंडाशी तुंबणारी रहदारी, यांपैकी एक जरी आडवं आलं तरी गाडी चुकते. कॅलेडोनियन स्लीपर मध्यरात्रीच्या सुमारास सुटते, तिला भरपूर वेळ पुरतो. शनिवारी रात्री मात्र ती नसते. सामान सकाळीच वेव्हर्ली स्टेशनवर ठेवायला देऊन निघा म्हणजे संध्याकाळी हॉटेलपर्यंतची चढण वाचते. लॉकर रूम कधी बंद होते तेवढं आधी विचारून घ्या.